पुण्यातल्या कर्नलने वटवट्याला रामाचं नाव दिलं, विसाव्या शतकाने ते खोडलं आणि एकविसाव्याने परत लिहिलं

डिसेंबरात ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पहाटेपासून जिप्सींची रांग लागते. सगळ्यांचे कॅमेरे वाघासाठी सज्ज असतात. त्याच वेळी गेटच्या अलीकडे, गावाच्या शिवारातल्या बोरी-बाभळीच्या काटेरी झुडपात, एक मातकट रंगाचा पक्षी फांद्याफांद्यांतून उड्या मारत अळ्या वेचत असतो. लांबी जेमतेम १२ सेंटिमीटर, वजन दहा ग्रॅमच्या आसपास. अंगावर ना पट्टा, ना ठिपका, ना तुरा. मधूनच ‘चक्’ असा कोरडा आवाज काढतो, तेव्हा कुठे तो तिथे आहे हे कळतं. त्याच्यासाठी कुणी जिप्सी थांबवत नाही.

हा वटवट्या. त्यातही साइक्सचा वटवट्या. शास्त्रीय नाव इडुना रामा. हो, रामा म्हणजे आपला रामच.

आता प्रश्न असा की, चंद्रपूरच्या झुडपात हिवाळा काढणाऱ्या या चिमुकल्या पाहुण्याच्या नावात राम कुठून आला आणि साइक्स कोण? उत्तर शोधायला गेलं की गाडी थेट खडकीच्या लढाईत जाऊन पोहोचते.

विल्यम हेन्री साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातल्या ब्रॅडफर्डजवळचा. वयाच्या चौदाव्या वर्षी, म्हणजे आपल्याकडची पोरं आठवी-नववीत असतात त्या वयात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. पुढच्याच वर्षी, १८०५ ला, भरतपूरच्या वेढ्यात त्याने पहिली मोठी लढाई पाहिली. भरतपूरच्या जाटांनी इंग्रजांना किल्ला घेऊ दिला नाही, हे इतिहासात वाचलेलं आठवत असेल. साइक्स त्या फौजेत होता.

फौजेतले बाकीचे तरुण अधिकारी शिकार आणि पत्त्यांत रमत असताना याने भाषा शिकायला घेतल्या. हिंदुस्तानी आणि मराठी या दोन्ही भाषांत तो दुभाष्याचं काम करण्याइतका तयार झाला. पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथे आहे. कारण ज्याला गावातल्या माणसाशी मराठीत बोलता येतं, त्याला तो माणूस आपल्या रानातल्या पक्ष्याचं, ओढ्यातल्या माशाचं नाव सांगतो.

५ नोव्हेंबर १८१७. खडकीची लढाई. दुसऱ्या बाजीराव पेशव्याची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर आली. त्या दिवशी सत्तावीस वर्षांचा साइक्स कंपनीच्या देशी पलटणीचा अधिकारी म्हणून मैदानात होता. त्यानंतरच्या पुण्याच्या लढाईत आणि डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही तो होता. १८१८ ला पेशवाई संपली. म्हणजे ज्या मुलखातल्या पक्ष्यांवर त्याचं नाव आज कोरलेलं आहे, तो मुलूख जिंकणाऱ्यांमध्ये तो स्वतः होता. ही गोष्ट बाजूला ठेवून त्याचं कौतुक करता येत नाही, आणि ती पुढे करून त्याचं काम नाकारताही येत नाही.

राज्य तर हातात आलं. पण त्या राज्यात आहे काय, हे कंपनीला ठाऊक नव्हतं. गावं किती, माणसं किती, विहिरी किती, जमीन कुणाची, सारा किती बसतो, वतनं कुणाकडे, जोंधळा किती आणि बाजरी किती. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने ऑक्टोबर १८२४ मध्ये साइक्सला बोलावलं आणि त्याच्यावर दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याची जबाबदारी टाकली. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड ही चार कलेक्टोरेट त्याच्या कामाचं क्षेत्र.

चंद्रपूर यात नव्हतं. तेव्हाचा चांदा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. १८५३ ला नागपूरचं राज्य खालसा झालं आणि मग चांदा थेट इंग्रजांकडे आला. गडचिरोली तर १९८२ पर्यंत चांद्याचाच भाग होता. तरीही वैनगंगेच्या काठावरचे कितीतरी पक्षी साइक्सने दिलेली नावं घेऊन उडतात, कारण पक्ष्यांना कलेक्टोरेटच्या हद्दी माहीत नसतात.

पुढची पाच-सहा वर्षं साइक्स दख्खनभर फिरला. तंबू, घोडे, कारकून, मोजमापाची उपकरणं असा सगळा सरंजाम. दख्खनच्या जनगणनेचं काम त्याने केलं. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, मिरासदार हे सगळं गावगाड्याचं तंत्र लिहून काढलं. हरिश्चंद्रगडावर जाऊन हवेचा दाब मोजला. वेरूळच्या लेण्यांवर तर त्याने आधीच लिहिलं होतं. पुण्यात त्याने मुंग्या पाहिल्या, ज्या पावसात भिजलेलं गवताचं बी बिळातून बाहेर आणून उन्हात वाळत घालत होत्या. मुंग्या धान्य साठवतात ही गोष्ट युरोपातले पंडित तेव्हा जुन्या लोकांची भाकडकथा समजत होते. साइक्सने ती पुण्यात डोळ्यांनी पाहिली आणि छापली.

नदीवर गेला तेव्हा मासे पाहिले. आणि इथे त्याने एक भन्नाट गोष्ट केली. माशांना लॅटिन नावं देताना कोळ्यांच्या तोंडची मराठी नावंच उचलली. शिंगटीचं झालं ‘सींगटी’, दख्खनच्या महाशीरचं ‘खुड्री’, शिवाय ‘कोलस’ आणि ‘मुसुल्ला’. जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांत आजही ही नावं तशीच आहेत. त्या कोळ्यांची नावं मात्र कुठे लिहिलेली नाहीत.

डिसेंबर १८२९ मध्ये सांख्यिकी अधिकाऱ्याचं ते पदच रद्द झालं. साइक्सचं काम अर्धवट होतं. त्याने ते सोडलं नाही, रेटत नेलं आणि जानेवारी १८३१ मध्ये पूर्ण केलं. त्यानंतर तो इंग्लंडला निघाला. सोबत कागदांचे गठ्ठे होते आणि पेंढा भरलेल्या, वाळवलेल्या पक्ष्यांच्या पेट्या होत्या.

गंमत बघा, हे पद गेलं तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता सर जॉन माल्कम. आणि साइक्सने नंतर एका पक्ष्याला माल्कमचं नाव दिलं. कोणत्या? माळरानावर कळपाने फिरत दिवसभर कलकल करणाऱ्या मोठ्या राखी सातभाईला. हा टोमणा होता की सन्मान, हे ज्याने त्याने ठरवावं.

१८३२ मध्ये लंडनच्या झुऑलॉजिकल सोसायटीच्या इतिवृत्तात साइक्सची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापली गेली. सव्वादोनशेच्या वर जाती. त्यातल्या पन्नासहून अधिक त्याने विज्ञानाला नव्या म्हणून मांडल्या. प्रत्येक पक्ष्याचा रंग, माप, डोळ्याचा रंग आणि बऱ्याच ठिकाणी पोट फाडल्यावर आत काय सापडलं तेही. हा मुद्दा वटवट्यांच्या बाबतीत फार कामाचा होता, कारण पोटात किडे आणि अळ्या सापडल्या की पक्षी दाणे टिपणारा नाही, कीटक खाणारा आहे, हे नक्की व्हायचं.

आता त्याने दिलेली नावं बघा. तुमच्या गावावर घिरट्या घालणाऱ्या घारीला त्याने नाव दिलं गोविंदा. आजही भारतातल्या घारीच्या उपजातीचं नाव गोविंदाच आहे. एका चंडोलाला देवा. एका पिवळ्या धोब्याला बीमा, ज्यात भीमा स्पष्ट ऐकू येते. रात्री जमिनीवर बसणाऱ्या एका रातव्याला महारट्टेन्सिस, म्हणजे मराठा मुलखातला. खडकीत मराठ्यांविरुद्ध लढलेल्या माणसाने पंधरा वर्षांनी एका पक्ष्याला मराठ्यांचं नाव दिलं. दुसऱ्या एका चंडोलाला आणि पांढऱ्या धोब्याला डुखुनेन्सिस, म्हणजे दख्खनचा. आणि त्या मातकट, काहीच खूण नसलेल्या वटवट्याला रामा.

सिल्विया रामा, हे त्याचं १८३२ चं पूर्ण नाव.

यातलं ‘सिल्विया’ म्हणजे काय, ते जरा थांबून समजून घेऊ. कारण खरी भानगड तिथे आहे.

वटवटे हा पक्षीनिरीक्षकांचा जुना छळ आहे. बारीक चोच, लहान अंग, तपकिरी-हिरवट-राखी यांपैकी कुठला तरी रंग, किडे खाणं आणि सतत हालचाल. एका झुडपात तीन जातींचे वटवटे असले तरी नवख्याला तिन्ही एकच वाटतात. मुरलेल्यालाही कधी कधी वाटतात. साइक्सच्या काळात युरोपातल्या अभ्यासकांनी यावर सोपा उपाय काढला होता. असा कुठलाही बारीक चोचीचा किडेखाऊ पक्षी आला की टाक सिल्विया या खात्यात. घरात जसा एक खण असतो, ज्यात चाव्या, दोरे, जुनी बिलं, बॅटरीचे सेल, सगळं जातं, तसा हा खण होता.

साइक्सनेही रामाला त्याच खणात टाकलं. पण सगळेच वटवटे त्याने तिथे कोंबले नाहीत. १८२१ ला थॉमस हॉर्सफील्डने जावा बेटावरच्या एका पक्ष्यावरून प्रिनिया नावाची नवी प्रजाती मांडली होती. लांब शेपटी, आखूड गोल पंख, गवतात आणि कुंपणात वावर, हिवाळ्यात कुठेही स्थलांतर नाही. साइक्सने दख्खनच्या दोन पक्ष्यांना या प्रिनियात बसवलं. एक राखी वटवट्या, म्हणजे प्रिनिया सोशिअॅलिस. दुसरा साधा वटवट्या, प्रिनिया इनॉर्नाटा. इनॉर्नाटा म्हणजे ज्याला काही नटवा-सजवा नाही असा.

हे दोघे तर तुम्ही नक्की पाहिलेत. ब्रह्मपुरीच्या धानाच्या बांध्यांवर, नागभीडच्या तळ्याकाठच्या गवतात, चंद्रपूर शहरातल्या एखाद्या घराच्या मागच्या कुंपणात, शेपटी वर करून ‘टी-टी-टी’ करत ओरडणारा, पानं शिवून घरटं करणारा राखी वटवट्या असतोच. लोक त्याला शिंपी समजतात. चूक फार मोठी नाही, कारण शिंपी त्याचा जवळचा नातेवाईकच आहे. साइक्सने १८३२ ला दिलेलं राखी वटवट्याचं नाव आजतागायत कुणी बदललेलं नाही.

साइक्सची सगळीच नावं टिकली असं मात्र नाही. काही पक्षी त्याच्याआधी दुसऱ्या कुणी नोंदवलेले निघाले आणि त्याची नावं बाद झाली. त्या काळी लंडन, पॅरिस, बर्लिन, कोलकाता अशा सगळीकडे माणसं एकाच वेळी पक्ष्यांना नावं देत सुटली होती. एकाच पक्ष्याची पाच-पाच बारशी झालेली असायची. यावर नियम एकच, ज्याने आधी छापलं त्याचं नाव चालणार.

रामाच्या बाबतीत पेच वेगळा होता. त्याचं नाव आधी कुणी घेतलेलं नव्हतं. पण १८२३ मध्ये जर्मन अभ्यासक लिख्टनस्टाइनने मध्य आशियातल्या एका वटवट्याला कॅलिगाटा असं नाव दिलं होतं. मराठीत तो पायमोज वटवट्या. हा आणि रामा दिसायला इतके सारखे की पेटीतल्या वाळलेल्या कातड्यांवरून दोघांना वेगळं करणं म्हणजे दोन जुळ्या भावांना आधार कार्डच्या फोटोवरून ओळखणं. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांत रामा स्वतंत्र जात म्हणून टिकून होता. विसाव्या शतकात वारं फिरलं.

त्या काळात पक्षीशास्त्रात एकत्र करण्याची लाट आली. विचार चुकीचा नव्हता. आधीच्या लोकांनी थोडासा रंग वेगळा दिसला की नवी जात अशी उधळण केली होती, ती आवरणं गरजेचं होतं. एकमेकांच्या जवळचे, एकमेकांची जागा भरून काढणारे पक्षी हे एकाच जातीचे प्रादेशिक प्रकार मानायचे, असं ठरलं. या झाडूखाली बरंच काही गेलं. रामा गेला आणि पायमोज वटवट्याची एक उपजात झाला. साइक्सचा साधा वटवट्या गेला आणि आफ्रिकेतल्या एका प्रिनियाची उपजात झाला. त्याने कुंडू नाव दिलेला हळद्या युरोपातल्या हळद्याची उपजात झाला. दख्खनचा तो चंडोल, डुखुनेन्सिस, तोही दुसऱ्या एका चंडोलाच्या पोटात गेला. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांच्या भारतीय पक्ष्यांवरच्या दहा खंडांच्या ग्रंथातही रामा आणि साधा वटवट्या असेच उपजाती म्हणून येतात. पुस्तकात जागा होती, पण तळटीप असल्यासारखी.

उपजात झाल्याने असं काय बिघडतं? बिघडतं. पक्ष्यांच्या गणनेत, संरक्षणाच्या याद्यांत, धोक्यातल्या प्राण्यांच्या तक्त्यांत ओळ मिळते ती जातीला. दोन जाती एका नावाखाली मोजल्या आणि त्यातली एक कमी होत गेली, तर दुसरीच्या गर्दीत ते कळतच नाही. शिवाय हिवाळ्यात दोघेही भारतात उतरतात. कोण कुठे उतरतो, कुणाला कसली झुडपं लागतात, हे विचारायचंच थांबतं, कारण कागदावर दोघे एकच असतात.

विसाव्या शतकाच्या शेवटी दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे लोक कातड्यांच्या पेट्या सोडून या पक्ष्यांच्या मागे रानात गेले. पायमोज वटवट्या रशियापासून कझाकस्तानच्या गवताळ पट्ट्यात, जमिनीलगतच्या बुटक्या झुडपात घरटं करतो. रामा त्याच्या दक्षिणेला, इराण, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, अफगाणिस्तान या कोरड्या मुलखात, नदीकाठच्या उंच झावाच्या झुडपांत. रामाची चोच जरा लांब, शेपटी जरा लांब, अंगाचा रंग जरा फिका. हिवाळ्यातही पायमोज बऱ्याचदा खाली, शेतात, जमिनीजवळ चरतो, तर रामा झुडपांत आणि झाडांवर वर राहतो. आवाजही सारखा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे डीएनए. तो तपासल्यावर दिसलं की दोघांची वाट फार पूर्वीच वेगळी झालेली आहे. २००० नंतरच्या काही वर्षांतच एकेक यादी बदलत गेली आणि रामा पुन्हा स्वतंत्र जात झाला.

नवं नाव शोधायची कुणाला गरजच पडली नाही. १८३२ चं नाव तयार होतं, नियमानुसार तेच लागू झालं. पुढे २००९ च्या सुमारास प्रजातीचं नाव बदलून इडुना झालं. पहिला शब्द बदलला, दुसरा जागेवर राहिला.

आणि एकटा रामाच परत आला नाही. साधा वटवट्या आफ्रिकेच्या नातेवाइकापासून सुटून पुन्हा प्रिनिया इनॉर्नाटा झाला. हळद्या २००५ नंतर पुन्हा ओरिओलस कुंडू झाला. अलीकडे तो डुखुनेन्सिस चंडोलही स्वतंत्र जात म्हणून मोजला जाऊ लागलाय. डीएनए, प्रयोगशाळा यातलं काही माहीत नसताना, तंबूत कंदिलाच्या उजेडात पक्षी मोजणाऱ्या माणसाची वेगळेपणाची नजर बऱ्याच ठिकाणी बरोबर निघाली. त्याने प्रत्येक वेळी अचूक कारण दिलं होतं असं नाही. पण हा पक्षी माझ्याकडच्या दुसऱ्या कशाशी जुळत नाही, ही नोंद त्याने प्रामाणिकपणे करून ठेवली होती.

त्या सिल्वियाच्या खणाचं काय झालं, तेही सांगायला हवं. तो खण पुढे सिल्विइडी या कुटुंबाच्या नावाने वाढतच गेला आणि त्यात जगभरचे शेकडो वटवटे जमा झाले. २००६ मध्ये स्वीडनच्या पेर आल्स्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे हा खण रिकामा करून नीट लावला. निघालं असं की, हे सगळे वटवटे एका घरचे नाहीतच. राखी वटवट्या, साधा वटवट्या आणि शिंपी हे एक कुटुंब. झाडांच्या शेंड्यांवर पानांखालचे किडे टिपणारे पर्ण वटवटे दुसरं. बोरूतले वटवटे आणि आपला रामा हे तिसरं. आणि कहर म्हणजे ज्यांच्यावरून सिल्विया हे नाव आलं ते पक्षी, म्हणजे हिवाळ्यात आपल्या बाभळींवर दिसणारा पांढऱ्या गळ्याचा वटवट्या आणि मंडळी, यांचं नातं रामापेक्षा सातभाईशी जास्त जवळचं निघालं. म्हणजे सारखे दिसणारे परके आणि वेगळे दिसणारे सोयरे. झुडपात राहायचं, किडे खायचे आणि कुणाच्या नजरेत भरायचं नाही, हा धंदा एकच असल्याने वेगवेगळ्या घराण्यांनी एकच गणवेश चढवला होता.

इकडे साइक्सचं पुढचं आयुष्य पक्ष्यांपासून लांबच गेलं. १८३३ मध्ये तो कर्नल म्हणून निवृत्त झाला. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला, त्याच वर्षी लंडनमध्ये जी स्टॅटिस्टिकल सोसायटी उभी राहिली तिच्या संस्थापकांत होता आणि पुढे तिचा अध्यक्षही झाला. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक, १८५६ मध्ये कंपनीचा चेअरमन. म्हणजे चौदाव्या वर्षी जिच्या फौजेत पोऱ्या म्हणून भरती झाला होता, त्या कंपनीच्या सर्वात वरच्या खुर्चीत तो बसला. पुढच्याच वर्षी १८५७ चा उठाव झाला आणि त्यापुढच्या वर्षी कंपनीचं राज्यच गेलं. १८५७ पासून तो स्कॉटलंडच्या ॲबर्डीनमधून ब्रिटिश संसदेत निवडून गेला आणि शेवटपर्यंत खासदार राहिला. चीनमधल्या ताइपिंग बंडाबद्दल ब्रिटिश सरकारच्या धोरणावर त्याने टीका केली. बौद्ध धर्मावर, प्राचीन भारतावर लेख लिहिले. १६ जून १८७२ ला लंडनमध्ये वयाच्या ८२ व्या वर्षी तो वारला.

त्याचे पक्षी कंपनीच्या लेडनहॉल स्ट्रीटवरच्या संग्रहालयात गेले होते. १८७९ मध्ये तिथला प्राण्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला. पुण्या-नगरच्या माळावरचे पक्षी लंडनच्या कपाटात, आणि त्यांच्यावर मराठमोळ्या नावांच्या चिठ्ठ्या.

मग चांद्याचं काय? चांद्याच्या पक्ष्यांची पाळी साइक्सनंतर आली आणि तीही कोळशाच्या निमित्ताने. १८६० च्या दशकात भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम ब्लॅनफर्ड चांद्याच्या आसपास कोळशाचे थर शोधत होता. त्या शोधातून पुढे या भागाचं नशीब कसं पालटलं ते चंद्रपूरकरांना सांगायला नको. हाच ब्लॅनफर्ड पुढे भारतीय प्राण्यांवरच्या मोठ्या ग्रंथमालेचा संपादक झाला आणि तिच्यातले पक्ष्यांचे शेवटचे दोन खंड त्याने स्वतः लिहिले. योगायोग असा की, त्याचा जन्म १८३२ चा, म्हणजे साइक्सची यादी छापली त्याच वर्षीचा.

पण साइक्सची चंद्रपूरशी गाठ आणखी एका वाटेने आहे आणि ती ताडोबाला गेलेल्या बहुतेकांनी पाहिलेली आहे, नाव माहीत नसताना. रानकुत्र्यांची टोळी. साइक्सने १८३१ मध्ये दख्खनच्या रानकुत्र्याचं वर्णन छापलं आणि मराठीत त्याला कोळसून म्हणतात हेही लिहिलं. ताडोबात सांबराच्या मागे पळणाऱ्या या कुत्र्यांच्या उपजातीचं नाव आजही त्याने दिलेलंच आहे, डुखुनेन्सिस.

वटवट्याला लागणारी जागा मात्र वाघ आणि रानकुत्र्यांच्या जंगलापेक्षा वेगळी आहे. त्याला दाट सागवान नको. त्याला हवी बोर, बाभूळ, हिवर, पळसाची रोपं, मधे उघडी जमीन. विदर्भात या जागेला महसुली कागदावर स्वतःचं नाव आहे, झुडपी जंगल. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत ही जमीन पसरलेली आहे. ती जंगल आहे की नुसती पडीक, यावर कित्येक दशकं वाद चालला. तिच्यावर वस्त्या झाल्या, शाळा झाल्या, सरकारी इमारती उभ्या राहिल्या, आणि त्या लोकांचं काय करायचं हाही प्रश्न खराच होता. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही झुडपी जंगलं वनजमीनच आहेत असा निर्णय दिला आणि १९९६ पूर्वीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट ठेवली. या निकालावर पेपरांत बरंच छापून आलं, पण वटवट्याचा उल्लेख त्यात कुणी केल्याचं दिसलं नाही. साहजिक आहे. पडीक म्हणून जी जमीन दाखवली जाते, तिच्यात राहणारे पक्षीही पडीकच दिसतात.

हिवाळ्यात चंद्रपूरचे पक्षीनिरीक्षक तळ्याकाठी आणि माळावर फिरतात, तेव्हा त्यांच्या मोबाइलमधल्या यादीत आता दोन वेगळ्या ओळी असतात. एक पायमोज वटवट्या, एक साइक्सचा. झुडपाशी उभं राहून चोच किती लांब, शेपटी किती, तो खाली उतरतोय की वरच राहतोय, हे बघत दहा-दहा मिनिटं जातात, तोवर पक्षी उडून गेलेला असतो. मग दोन्ही ओळी रिकाम्या ठेवून नुसतं वटवट्या एवढंच लिहावं लागतं.

मार्च सरत आला, चंद्रपूरचा पारा चढायला लागला की बोरीवरचा हा पाहुणा एका रात्री निघून जातो. राखी वटवट्या आणि साधा वटवट्या इथेच राहतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणात घरटी लावायला घेतात. रामा तोवर तुर्कमेनिस्तानात पोहोचलेला असतो, झावाच्या झुडपात.